विधवांच्या घरांचा कायदा आणि आमचे लॉर्ड रेव्हन्सगिल

आजच्या सभेचे अध्यक्ष रेव्हरंड क्रॅडॉक, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती व्हायकाउंट रेव्हन्सगिल, लेडीसाहेब, व्यासपीठावरील इतर मान्यवर आणि स्केलबेकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षांपूर्वी लॉर्डसाहेबांच्या पहिल्या निवडणुकीत मी त्यांचा प्रचार केला, म्हणून चार शब्द बोलायला मला उभं केलं आहे. गोड बोलावं अशी रेव्हरंडांची सूचना होती. मी दगड फोडणारा माणूस. जमेल तसं बोलतो.

लॉर्डसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लॉर्ड नव्हते. धाकटे चिरंजीव, मिस्टर ऑब्री. जहागीर थोरल्या भावाची, यांच्या नावावर एक सायकल. त्या सायकलवरून खाणीवर यायचे, आमच्या खोपीत बसून आमच्यातलीच ओटची भाकरी आणि चीज खायचे. आवडायचे आम्हाला. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी एलाय संटर दगडाखाली गेला. त्याच्या बायकोला चौदा दिवसांत घर सोडण्याची नोटीस आली, कारण घर खाणीचं आणि खाणीत तिचं आता कुणी नाही. तिचं सामान गाडीवर चढत होतं तेव्हा मिस्टर ऑब्री माझ्या शेजारी उभे होते. रडत होते. मला म्हणाले, "जेबेझ, हे मी कायद्यानं बंद करीन."

मी विश्वास ठेवला. दिवसभर घण मारायचा आणि संध्याकाळी गावोगाव जाऊन त्यांच्यासाठी बोलायचं, असं मी दोन महिने केलं. दोनशे बारा मतांनी निवडून आले. स्टेशनापासून इथवर त्यांना खांद्यावर आणणाऱ्या चौघांत मी होतो.

आणि कबूल करतो, त्यांनी कायदा लिहिला. मजुराची विधवा एक वर्ष घरात राहील, एवढंच त्यात होतं. हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांनी केलेलं भाषण आम्ही चॅपेलमध्ये मोठ्यानं वाचलं होतं. कायदा तेव्हा मतदानात पडला. कुणी त्यांना दोष दिला नाही.

मग थोरले बंधू घोड्यावरून पडून गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचे मिस्टर ऑब्री व्हायकाउंट झाले, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. खाण त्यांची, घरं त्यांची. आम्ही टेकडीवर होळ्या पेटवल्या. आता कायदा कशाला हवा, आपलाच माणूस मालक झाला, असं म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन वर्षांनी खाणीत दगड उचलायची साखळी तुटून माझा मेहुणा टोबायस गेला. मागे माझी बहीण केझाया आणि चार लेकरं. नेमका त्याच महिन्यात तो जुना कायदा दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मांडला, आणि या वेळी कॉमन्समध्ये तो मंजूर झाला. राहिले फक्त लॉर्ड्स. मी केझायाला सांगितलं, निर्धास्त राहा, तिथे आपला माणूस आहे.

लॉर्डसाहेब, आपण घड्याळाकडे पाहताय. त्या दिवशी आपण चाळीस मिनिटं बोलला होतात. मला दहा द्या.

चाळीस मिनिटं, आणि ती सगळी विरोधात. कायद्याची गरजच नाही, चांगला मालक आपण होऊन दया दाखवतो, असं म्हणाले. पुरावा म्हणून आपल्या गावाचं नाव घेतलं. "मी मालक झाल्यापासून स्केलबेकमध्ये एकाही विधवेला घराबाहेर काढलेलं नाही." वर्तमानपत्रात हे वाक्य आहे, माझ्या खिशातही आहे. आणि ते खरं होतं. त्यांच्या काळातली पहिली विधवा माझी बहीण. तिची नोटीस तीन आठवड्यांनी निघाली.

मी सात मैल चालत त्यांच्या वाड्यावर गेलो. आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. मी विचारलं, साहेब, हा कायदा तुम्हीच लिहिला होता ना? ते म्हणाले, "जेबेझ, ज्यानं तो कायदा लिहिला, त्या माणसाकडे जमीन नव्हती."

एवढंच. रागानं नाही, शरमेनंही नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

लॉर्ड्सनी कायदा लांबणीवर टाकला. पुढं महायुद्ध आलं आणि तो कागद धूळ खात पडला. केझायानं फेब्रुवारीत घर सोडलं. जाण्यापूर्वी गुडघ्यावर बसून तिनं उंबरा घासून पांढरा केला. मी ओरडलो, कुणासाठी घासतेस? ती म्हणाली, "मी घाणेरडं घर सोडून गेले असं त्यांना म्हणता येऊ नये." ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत तिनं सहा वर्षं काढली. छातीत लोकर भरली आणि गेली. वय एकेचाळीस.

यानंतर लॉर्डसाहेब मंत्री झाले, त्यांना पदकं मिळाली, ते सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे.

आता माझ्या हातात हे मानपत्र दिलं आहे. यात 'विधवांचा कैवारी' असे शब्द छापले आहेत. रेव्हरंड, बाही ओढू नका, मी बसणारच आहे. हे मी वाचणार नाही. ज्यांनी छापलं त्यांनी वाचावं.

यानंतर या सभागृहाला लॉर्डसाहेबांचं नाव देण्याचा ठराव येईल आणि हात वर करायला सांगतील. तुम्ही केलेत तर माझा राग नाही. तुमची घरं कुणाची आहेत ते मला ठाऊक आहे. माझंही त्यांचंच आहे, आणि माझी बायको मार्था त्यात बारा वर्षं अंथरुणाला खिळून आहे. सकाळी मी तिला सांगितलं, आज मी बोलणार आहे. ती म्हणाली, "मग नीट उभा राहून बोल." उद्या आम्हाला चौदा दिवसांची नोटीस आली, तर ती अगदी कायदेशीर असेल. ते बदलणारा कायदा झालाच नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी सभेचा आणि अध्यक्षांचा ऋणी आहे. अडाणी माणसाच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर स्केलबेककरांनी ते पोटात घालावं. ही विनंती फक्त स्केलबेककरांना आहे.