मी घरं पाहायला जाते

ये माय, अशी आत ये. दारातल्या खुर्चीवर काहून बसलीस पावण्यासारखी, आन् आलीस ती बी किती दिवसानं, मागच्या खेपेला नुसता गाडीवरून हात हालवून गेलीस, मला दिसत न्हाई व्हय. सैपाकघरात बस, चहा टाकते. लिही तुला काय लिहायचं ते, पण मी बोलते तसंच लिही, लई सुधरत बसू नको.

माहं माहेर हट्टा. पाच बहिणी आमी, मी तिसरी. शाळेत दुसरीपर्यंत गेले, बाकीचं वाचणं पुढं माह्याच लेकराच्या पुस्तकात बोट फिरवून शिकले. माह्या लग्नाआधी घर पाहायला माहा बाप आन् चुलते बैलगाडीनं इकडं जवळा बाजार गावाच्या बाजूला आले. ओसरीवर बसले, पानसुपारी झाली, बैलजोडी पाहिली, कडब्याची गंजी पाहिली, आन् घरी येऊन मायीला म्हणले घर लई चांगलं हाय. माय म्हणली सैपाकघर कसं हाय. बाप म्हणला मी काय बाईमाणूस हाव का आत जायला. झालं, ठरलं लगीन. मी नांदायला आले तर सैपाकघर म्हंजे मागच्या भिताडाला टेकवलेले चार पत्रे, खिडकी न्हाई, धुराडं न्हाई, उभं राहिलं का डोकं पत्र्याला लागायचं. डोळे असे लाल व्हायचे का आलेले पावणे म्हणायचे नवी नवरी लई रडती, माहेर आठवतंय वाटतं, आन् मी कुठली रडते, मी भाकरी करत व्हते. अकरा वर्षं वाकून भाकरी केल्या. माणूस वाईट नव्हता माहा, पुढं त्यानंच भिताड फोडून खिडकी केली, पण आत काय हाय ते त्याला बी ठाऊक नव्हतं ना, तो बी बाहेरच बसायचा.

तवापासून मला हा नाद लागला. कुणाच्या बी घरी गेले का माही नजर आधी आत.

मंग एकदा शेजारच्या कौसाच्या पोरीचं घर पाहायला जीप चालली, सगळे गडीमाणसं. मी चप्पल घातली आन् मधल्या सीटवर जाऊन बसले. कौसाचा नवरा म्हणला वैनी तुमी कुठं. म्हणलं घर पाहायला. म्हणला त्याला आमी हाव ना. म्हणलं तुमी बाहेरून पाहा, मी आतून पाहाते. जीपवाला हासला, मंग सगळेच हासले, पण उतर असं कुणी म्हणलं न्हाई.

काय सांगू तुला, किती घरं पाहिली त्याला गणती न्हाई. मी पाणी मागत न्हाई, पाणी घ्यायला उठते. पाण्यापाशी जायचं म्हणलं का मधली खोली लागतीच, तिथं पाह्यचं घरात आधीची सून असली तर तिच्या लुगड्याला एक खुंटी तरी हाय का दाराच्या मागं कोंबलंय. मंग सैपाकघर, उजेड कुठून येतो, धूर कुठवर चढलाय. मंग म्हणायचं जरा मोरीकडं जाऊन येते, आन् आतून कडी लागती का ते पाह्यचं.

एका घरी तर बैठकीत नवाकोरा फ्रिज, वर फुलाफुलाचा रुमाल टाकलेला. मी पाहिलं, पिन भिताडापर्यंत पोचतच न्हाई. म्हणलं ताई, ह्याची पिन कुठं लावता. ती बाई लाजली, म्हणली खरं सांगू का मावशी, दिराच्या घरून आणलाय, तुमी गेल्या का नेणार हाय. आमी दोघी इतक्या हासलो का ओसरीवरले माणसं डोकावून राहिले काय झालं म्हणून. म्हणलं फ्रिज जाऊ द्या, पण मोरीला पोतं लावलंय तिथं दार लावा, मंग पोरगी देऊ. पंधरा दिवसांत दार लागलं.

पण सगळ्यांसमोर घर नको असं तोंडानं म्हणता येत न्हाई, समोरच्याला वाईट वाटतं. म्हणून आमचं ठरलेलं, घर बराबर असलं का मी चहा पुरा पिते, नसलं का अर्धा कप ठेवते. अर्धा कप दिसला का आमचे माणसं म्हणतात बरंय, कळवतो, आन् उठतात. माहा कप चुकीचा निघाला असं तवर कुणी म्हणलं नव्हतं.

आता माही नात, रेखा, माह्या पोराची पोरगी. नर्स हाय हिंगोलीला. तिला तिकडचंच स्थळ आलं, पोरगं ट्रॅक्टरच्या गॅरेजात, एकुलतं एक, निर्व्यसनी. रेखा म्हणली घर पाहायला मी बी येणार. तिचा बाप म्हणला पोरीनं कुठं जायचं असतं का. आन् खरं सांगते, मला बी बरं वाटलं न्हाई, म्हणलं मी हाव ना पाहायला. तर म्हणली आजी, जीपमधले माणसं तुला हेच म्हणले व्हते ना. मंग मीच तिला गाडीत माह्याशेजारी जागा केली. आली.

तीन खोल्या. बैठक ठीक, मधली खोली ठीक, मोरीला कडी बी हाय. सैपाकघरात गेले आन् थबकले. ओटा माह्या छातीला लागतो, आन् मीठमिरचीच्या डब्यांची फळी तर एवढी वर का माहा हात पुरंना. पोराची आई माह्या खांद्याला येती, स्टूल बी न्हाई कुठं. डब्यांवर पिठाची बोटं उमटलेली, म्हंजे रोजचा वापर. मंग वापरतं कोण. म्हणलं ताई, फळी लई उंच लावली. ती म्हणली मिस्त्रीनं तशीच लावली, आन् दुसरीकडं पाहू लागली, दोन्ही हात पदराखाली. माह्या डोक्यात चक्र फिरलं. इथं कुणीतरी उंच बाई आत्ताआत्तापर्यंत नांदत व्हती. ह्या पोराचं आधी एक लगीन झालंय आन् हे लपवून राहिले.

बाहेर आले, दोन घोट घेतले, अर्धा कप खाली ठेवला. माह्या पोरानं कप पाहिला, म्हणला बरंय, कळवतो. सगळे उठले. रेखा बी उठली, पण दाराकडं न्हाई, आत गेली. पोरगं आत कपबश्या लावत व्हतं. बाहेर सगळं ऐकू येऊन राहिलं. रेखा म्हणली हे मीठ इतकं वर कुणाला लागतं. कपबश्यांचा आवाज थांबला. मंग पोरगं म्हणलं मला.

आईची बोटं धरलीत, म्हणला, चार वर्षं झाली, लाटणं धरवत न्हाई, सैपाक मीच करतो. आई म्हणली पावण्यांना सांगू नको, म्हणतील सैपाकाला बाई पायजे म्हणून सून शोधून राहिले, न्हाईतर पोरगं भाकरी थापतंय म्हणून हासतील. रेखा म्हणली आन् लगीन झाल्यावर. म्हणला तुमची ड्यूटी असली का मी करन, नसली का दोघं करू, फक्त माही भाकरी गोल येत न्हाई. मंग म्हणला फळी खाली घेऊ का. रेखा म्हणली ही राहू द्या, हिच्या खाली दुसरी मारा.

मी पोराच्या आईकडं पाहिलं. तिनं पदरातून हात काढले, बोटं हळकुंडासारखी वाकडी. एवढ्या घरांच्या सैपाकघरात फिरले मी, आन् फळी उंच दिसली तर मला उंच बाईच दिसली बघ, गडीमाणूस काही दिसला न्हाई. माह्या बापाला हासत आले जनमभर, तो आत गेला न्हाई म्हणून. मी आत गेले आन् मला तरी कुठं कळलं.

तवर रेखा बाहेर आली. सगळे उभेच. तिनं माहा अर्धा कप उचलला, गार झालेला, आन् उभ्याउभ्या पिऊन टाकला. रेखाचा बाप एकदा तिच्याकडं, एकदा माह्याकडं पाहून राहिला, आन् परत खाली बसला.

उन्हाळ्यात लगीन झालं. परवा जाऊन आले, दोन फळ्या हायेत, मीठ खालच्या फळीवर, चहासाखर वरच्या. भाकरी अजून वाकडीच करतो जावई, पण भाजतो चांगली. सुखी राहू दे दोघं. अजून लोक बोलावतात मला घर पाहायला, मी जाते, पण म्हणते पोरीला आधी बसवा गाडीत, मंग मी चढते. तुला बी स्थळं येऊन राहिली म्हणत्यात, तू बी स्वतः जा.

बाजाराच्या दिवशी येत जा, लई दिवस लावू नको आता. आन् हा कप अर्धा काहून ठेवलास माय, माह्या घरात काय दिसलं तुला. पी पुरा, आन् लवकर ये.