रेहानाचं प्रॅक्टिकल आणि खाऊचा डबा

आमच्या हर्सूलच्या गल्लीतली शेजारची रेहाना विद्यापीठात मुलं कशी वाढतात ते शिकते. मी तीन वाढवली, मला कुणी पदवी दिली नाही, पण ते असू द्या. तिच्या प्रॅक्टिकलला माझा तीन वर्षांचा नातू चिन्या लागला. परीक्षा घ्यायला तिच्या मॅडम आमच्या घरी आल्या. चिन्यानं खाऊचा डबा एकट्यानं उघडायचा, कुणी मदत करायची नाही आणि रेहानानं नुसतं बघून लिहायचं.

“काकू, तुम्ही मधे बोललात तर मी नापास हां!” रेहानानं मला बजावलं. मी पदर तोंडाला लावून बसले.

चिन्यानं डबा ओढला, आपटला, चावला. झाकण काही निघेना. माझे हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात पोरगं उठलं, आम्हा दोघींकडं ढुंकूनही न बघता मॅडमच्या मांडीवर जाऊन बसलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

“लई घट्ट आहे का रे राजा?” म्हणत मॅडमनी उघडलासुद्धा!

रेहाना रडायच्या बेतात. “मॅडम, आता काय लिहू?”

मॅडमनी हातातल्या उघड्या डब्याकडं बघितलं. मग मलाच राहवलं नाही. “लिही की, मुलाला माणूस ओळखून काम करून घेता येतं.”

मॅडम हसत म्हणाल्या, “तेच लिही. फक्त कुणाकडून करून घेतलं, ते लिहू नकोस.”