वायरीवरचा बर्फ

विनिपेगच्या हार्डवेअर दुकानात, रांगेत हॅरल्डच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“घरातून गाडीच्या इंजिनच्या हीटरपर्यंत नेलेली वायर अजून धड आहे, वर्ना.”

“मग अंगणात तिच्यावरचाच बर्फ कसा वितळतो, लॉइड?”

“होते थोडी गरम.”

“बारीक, लांब वायर करंट अडवते. ऊब वाटेतच सांडते, हीटरला व्होल्टेज पुरत नाही, इंजिन गारच, मग गाडी सुरू होत नाही.”

“आता तू शिकव.”

“उद्या सातला तुझं डायलिसिस आहे. उणे तिसात ढकलत नेऊ तुला?”

लॉइडने काउंटरवर जाड वायर मागितली.

“जाड वायर संपली,” काउंटरवरची बाई म्हणाली.

हॅरल्डने हातातली जाड वायर पुढे केली. “ही घ्या.”

“आणि तुमची गाडी?” वर्नाने विचारलं.

“माझ्या बायकोला, आयरीनला, डायलिसिसला मीच न्यायचो. आता मला सकाळी कुठे जायचं नसतं.”