टारफुल्याच्या शिरा

ऐका. अंधार पडल्यावर फाट्यावर एसटीतून एकच माणूस उतरला. गुंडोपंत आराध्ये, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मास्तर. हातात कंदील, झोळीत भिंग आणि खुरपे. मल्लप्पा बिराजदाराच्या ज्वारीत टारफुल्याचे पांढरे फूल माजले होते, त्याची जात त्यांना ठरवायची होती. "रातचं पाणंदीनं येऊ नका, माणूस उभा वाळतो तिथं," असे मल्लप्पाने बजावले होते. मास्तर शेतांमधल्या त्या पाणंदीनेच निघाले!

टारफुला पाहिला आहे ना तुम्ही? वीतभर रोप, दिसायला गरीब. पण जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला डसून पोसते. फुलाखालच्या हिरव्या पेल्यावर उभ्या शिरा असतात. पाच असल्या तर एक जात, दहा असल्या तर दुसरी.

बांधावर एक बाई बसली होती. गालफडे बसलेली, पुढ्यात टारफुला.

"मास्तर, फूल बघता का वो?"

बसले की! शिरा मोजल्या. पाच.

"परत मोजा."

सहा!

भिंग काढले. सात. सात शिरांचा टारफुला कोणत्याच ग्रंथात नव्हता. पाय बधिर झाले. मांडी घातल्याने होत असेल, असे त्यांनी मानले. आठ. नऊ. गुडघ्याखाली काही जाणवेना, आणि बाईचे गाल मात्र, अहो, कणसासारखे भरत चालले!

"दमलासा व्हय? एकडाव मोजा, मग सोडते."

दहावी मोजायला ओठ उघडले; दहा म्हटले की जातीचे नाव ठरलेच. पण मूळ पाहिल्यावाचून नाव उच्चारायचे नाही, ही मास्तरांची शिस्त.

"मूळ दाखवा, बाई."

"मूळ कशाला?" बाईचा आवाज चिरकला.

त्यांनीच खुरप्याने माती उकरली. केसाएवढा पांढरा तंतू. ज्वारीकडे गेलाच नव्हता तो. मास्तरांच्या टाचेत शिरला होता! दुसरे टोक? बाईच्या लुगड्याखाली. तिथे पाय नव्हते. नुसती मुळे!

खुरपे तंतूवर चालले. किंकाळीसरशी कंदील विझला. मास्तर कोपरांवर सरपटत मल्लप्पाच्या ओट्यावर येऊन पडले.

"सांगितलं नव्हतं, मास्तर?"

धाप आवरत मास्तर म्हणाले, "मल्लप्पा, दहावी शीर होती का रे?"

तेव्हा त्या पाणंदीने जाऊ नका. आणि मास्तर भेटले, तर त्यांना शिरा मोजून आणण्याचा शब्द मुळीच देऊ नका. ते अजून विचारतात.