तेराव्या नमुन्याचा माणूस

पारबताबाई, घरची मंडळी, गावकरी भावांनो आणि बायांनो,

इथं बहुतेक सगळे श्रावणभाऊंना लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना सहा-सात वर्षंच ओळखत होते. म्हणून सरपंचांनी श्रद्धांजलीसाठी माझं नाव घेतलं तेव्हा मी नको म्हणणार होते. पण पारबताबाईंनी हात धरला आणि म्हणाल्या, "बोल तू. त्याइच्या दवाखान्याचं आमाले कोण सांगन?" म्हणून उभी आहे. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

माझं नाव वैशाली. मी वरोऱ्याची. नागपूरच्या एका रुग्णालयात यंत्रावर काम करते. तुमच्यापैकी काही जण मला 'मशीनवाली बाई' म्हणून ओळखतात. ते नाव भाऊंनी ठेवलं.

भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सोबत पारबताबाई होत्या. धानोऱ्याहून पहाटेची बस, मग गडचिरोली, मग नागपूर. दोघं दमलेले होते. वर्षभरापासून भाऊंना लघवीचा त्रास होता. आधी एका दवाखान्यात रक्त तपासलं होतं, सुईने नमुनेही काढले होते. नमुने स्वच्छ निघाले. पण कॅन्सरची शंका दाखवणारा रक्तातला आकडा मात्र दर वेळी चढत होता. हे कसं, ते त्यांना कोणी नीट सांगू शकत नव्हतं.

यात कोणाची चूक नव्हती, हे आधी सांगते. पुरुषाच्या मूत्राशयाखाली आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. तिच्यात कॅन्सर आहे का हे बघायला बारीक सुईने दहा-बारा ठिकाणचे तुकडे काढतात. तुकडा असतो दोऱ्याएवढा. सुई जिथं गेली तिथं रोग नसेल, तर रिपोर्ट स्वच्छ येतो. रोग शेजारी बसलेला असतो. सुई कुठून घालतात ते मी इथं सांगत नाही. ते भाऊंनी तुम्हा सगळ्यांना सांगून झालेलं आहे.

(हसा. त्यांनाही आवडलं असतं.)

आमच्याकडे तेव्हा एका नव्या सुईचा अभ्यास सुरू होता. तिच्या आतून केसासारख्या काचेच्या तारा जातात. एका तारेतून उजेड आत सोडायचा. तो मांसाला लागून दुसऱ्या तारेतून परत येतो. परत आलेल्या उजेडाची रेघ पडद्यावर उमटते. चांगल्या जागेची रेघ एक, रोगट जागेची रेघ दुसरी. निदान त्या रेघेवरून करायचं नाही, ते तुकडा तपासूनच होणार. रेघ खरं बोलते का, एवढंच आम्ही शिकत होतो.

हे मी भाऊंना समजावून सांगत होते. संमतीच्या सहीआधी सांगावंच लागतं. मी आपली पाठ केलेलं बोलत होते. ते मध्येच म्हणाले, "म्हंजे तलावातल्यासारखं. साफ पान्यातून ऊन खालपर्यंत जाते, गढूळ असलं त वरूनच वापस येते. असंच ना?"

मी म्हटलं, "असंच, भाऊ."

"मंग एवढा वेळ काऊन लावला बाई सांगाले?"

मग त्यांनी विचारलं, "यानं माहा फायदा हाय का?" मी खरं सांगितलं. असेलही, नसेलही. यंत्र चुकतंही. कधी रेघ घाबरवते आणि तुकड्यात काहीच निघत नाही. आम्ही शिकून राहिलो आहोत, पुढच्या माणसांना उपयोग होईल. त्यांनी पारबताबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "शिका मंग. कोणाच्या तरी अंगावर शिकाच लागन." आणि सही केली. मोठ्या, गोल अक्षरात.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते मी इतक्या लोकांत कधी बोलले नाही. पारबताबाई, तुम्हालाही हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

तपासणीच्या खोलीत भाऊ डाव्या कुशीवर झोपले होते, तोंड माझ्या पडद्याकडे. जागा बधिर केलेली होती, पण ते पूर्ण जागे होते. आमचे डॉक्टर सर सुई एकेका ठिकाणी नेत, मी रेघ बघे, नोंद करी आणि म्हणे, "झालं." मग सर तुकडा काढत. एक झालं. दोन झालं. अशा बारा जागा ठरलेल्या होत्या. माझी नोकरी लागून तिसरा महिना होता. सरांपुढे तोंड उघडायची मला भीती वाटायची. 'झालं' हा एकच शब्द मी त्या खोलीत धीटपणे बोलत असे.

बारावा तुकडा निघाला. त्यानंतर सुई ठरल्यापेक्षा जरा पुढे सरकली, ग्रंथीच्या पुढच्या अंगाला. त्या भागात नेहमीची सुई सहसा जात नाही. उजेड सुरूच होता. आणि पडद्यावरची रेघ बदलली.

मी बघितलं. मला दिसलं. आणि मी गप्प राहिले.

मनात म्हटलं, टोकाला रक्त लागलं असेल. रक्त लागलं की रेघ बिघडते, हे खरंच आहे. मनात म्हटलं, बारा झाल्या आहेत, सर थकले आहेत, बाहेर रांग आहे. मी कोण सांगणारी? सर म्हणाले, "चला, मागे घेतो."

आणि भाऊंचा आवाज आला. "बाई, काऊन गप झाली?"

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"आतापर्यंत दर वेळेस झालं, झालं म्हणून राह्यली होती. आता नाई म्हणली. काय दिसून राह्यलं तुले?"

सरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वैशाली, काय आहे?"

मी म्हटलं, "सर, रेघ वेगळी आहे. रक्त असेल कदाचित."

सर रागावले नाहीत. त्यांनी सुई बाहेर काढली, टोक पुसलं, पुन्हा त्याच जागी नेली. रेघ तीच आली. मग सरांनी भाऊंना विचारलं, "भाऊ, अजून एक तुकडा घ्यावा लागेल. घेऊ का? तुम्ही नाही म्हणू शकता."

भाऊ म्हणाले, "बारा घेतले, तेरावा काऊन सोडता? घ्या."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बाराच्या बारा तुकडे स्वच्छ होते. तेराव्यात कॅन्सर होता.

पारबताबाई, तुम्हाला आठवत असेल. सरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "मंग हे बरं झालं म्हनाचं का वाईट झालं म्हनाचं?" सर म्हणाले, "बाई, वाईट आधीच झालं होतं. ते वेळेत सापडलं, हे बरं झालं."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नागपुरात राहून घेतलेली किरणांची ट्रीटमेंट, इंजेक्शनं, अंगातलं बळ गेलेलं. आणि पावसाळा संपता संपता भाऊ पुन्हा तलावात छातीभर पाण्यात उभे. त्यानंतर सहा वर्षं. मागच्या मंगळवारी सकाळी ते तलावावरून आले, जाळं वाळत घातलं, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. हृदय थांबलं. कॅन्सर त्यांना न्यायला आला होता, पण तो त्यांना नेऊ शकला नाही.

ती सहा वर्षं त्यांनी कशी घालवली? मच्छीमार संस्थेच्या सभेत, तलावाच्या पाळीवर, सगळ्या पुरुषांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याची लघवी अडून राह्यली असंन, त्यानं लाजू नोका. मी लाजलो, एक साल गेलं माहं." लोक हसले. भाऊंनी हसू दिलं. मग सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोल्यावरचे, त्या लहान वस्तीतले मनीरामदादा त्यांच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आत येईनात, बोलेनात. भाऊंनी काही विचारलं नाही. गोंडीतून म्हणाले, चला, बस येते आता. आणि स्वतः नागपूरला घेऊन आले. दादांना कॅन्सर नव्हताच. ग्रंथी नुसती वाढली होती, गोळ्यांवर भागलं. पण वर्षभर तो माणूस मनातल्या मनात मरणाची तयारी करत होता आणि घरात कोणाला सांगत नव्हता. रिपोर्ट ऐकून दादा भिंतीला टेकून खाली बसले. भाऊ त्यांच्या शेजारी बसले. मी चहा आणून दिला. दादा आज इथं मागे बसले आहेत.

एकदा तपासणीला आले असताना मी भाऊंना सांगून टाकलं. म्हटलं, भाऊ, त्या दिवशी मला दिसलं होतं. तुम्ही विचारलं नसतं तर मी बोलले नसते. तुमचा रिपोर्ट पुन्हा स्वच्छ आला असता. माफ करा.

ते म्हणाले, "मी इचारलं म्हनून तू बोलली. तू बोलली म्हनून मी इथी बसून राह्यलो. यात माफी कुठी आली?" मग म्हणाले, "पन दुसऱ्या मानसाले इचारता नाई आलं, तं?"

तेवढंच. रागावून नाही म्हणाले. पण तो प्रश्न मी घरी घेऊन गेले.

भाऊ गेल्याचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते. ऐकू कमी येणारे, माझ्याकडे पाठ असलेले. त्यांना काही विचारता आलं नसतं. रेघ जरा हलली. मी म्हटलं, "सर, थांबा." कोणी न विचारता म्हटलं. तुकडा घेतला. रिपोर्ट यायचा आहे. काही निघेल, न निघेल. पण मी गप्प राहिले नाही. हे भाऊंना फोन करून सांगायचं होतं. राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगते.

पारबताबाई, तुम्ही त्यांना आमच्या हाती दिलंत, आम्हाला शिकू दिलंत. तुमचे उपकार कसे मानू, मला कळत नाही. मी तुमच्या पाया पडते.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. आणि त्यानंतर, भावांनो, मी शाळेच्या पडवीत शेवटच्या बसपर्यंत बसून आहे. भाऊंसारखा त्रास असेल त्यानं येऊन सांगावं, तिथं दुसरं कोणी नसेल. भाऊ असते तर त्यांनी कोणाकोणाला हात धरून आणलं असतं. आज तुम्ही आपल्या पायांनी या.

उठा, उभे राहू या.