धाप मोजनारी

माहं माहेर बेल्याचं, सासर गुडीहत्नूरचं. शाळेत मले कोनी घातलंच नाही, अक्षर काळं का गोरं ठाऊक नाही, पन देवानं नजर देली, अन् त्याच नजरेवर आदिलाबादले तपासनीच्या लॅबमंदी नोकरी लागली. ऐंशीच्या मागंपुढं, पक्कं साल नोका इचारू.

काम काय, त कारखान्याच्या रंगाच्या भुकट्या येत. कोनत्या भुकटीनं मानसाले दमा लागन, ते आधी गिनीपिगावर पाहाचं. काचेच्या पेटीत बसवाचं, भुकटी उडवाची. पहिल्या खेपेले काहीच होत नाही बरं. मधात वीसेक दिवस जाऊ द्याचे, मंग तीच भुकटी पुन्हा द्याची, अन् बरगडी हालते तशे श्वास मोजाचे. मी दहा श्वासाले ज्वारीचा एक दाना या मुठीतून त्या मुठीत टाको. डॉक्टरबाई हैदराबादच्या, त्या म्हनत, यंत्र चुकन, शांताबाई नाही चुकनार. काय सांगू तुमाले, जेवल्यावानी पोट भरे.

मंग मीच माह्या पायावर धोंडा मारून घेतला. लहान जाऊ सुमन घरी बसून होती, दहावी शिकलेली, तेलुगू बी लिहे. मीच म्हटलं, बाई, हिले घ्या. घेतलं. अन् चार महिन्यात नोंदीची वही तिच्या हाती! मोजाचं मी, लिहाचं तिनं, कागदाखाली सही तिची. वरतून मले पिंजरे झाडाले लावलं. जळली मी, लपवून काय करू? तिनं नवं लुगडं नेसलं तरी मले वाटे, माह्या मोजनीचं नेसून राह्यली.

एक निळी भुकटी आली. दुसऱ्या खेपेले देली, तासभर मोजलं, श्वास बरोबर. सुमननं लिहिलं, काही नाही झालं. सांजच्याले मी पिंजरे झाडाले गेली त चार जनावरं मान लांबवून धापा टाकून राह्यली. दम उशिरानं चढला होता. धावत जाऊन सांगाले पायजे होतं मी. पन मनात आलं, काऊन सांगू? सही तिची, चूक बी तिचीच निघू दे, मंग कळन कोनाची नजर अन् कोनाचं अक्षर. सकाळी जनावरं धड झाली. मी गप. कागद गेला.

भुकट्या तोलाचं काम सुमनचंच. काही होत नाही असं कागदावर आलं, म्हनून त्या भुकटीले ती तोंडाले फडकं बी नाही बांधे. साल नाही उलटलं त खोकला, मंग धाप. तिच्या धापेवरून डॉक्टरबाईले शंका आली, भुकटी पुन्हा तपासली, बंद करवली. तोवर कारखान्यात किती जनाईच्या छातीत गेली, देवाले ठाऊक.

अन् मी कशी पाहा, तवा बी जळली. सासू तिले पानी तापवून दे, दीर सायकलवर दवाखान्यात ने. माह्यासाठी कोनी कधी पानी तापवलं?

मागच्या दिवाळीले नाही राहवलं. चिवड्याचे पोहे निवडता निवडता सांगून टाकलं, सुमन, त्या सांजी मी पाह्यलं होतं व. तिनं सूप खाली ठेवलं. म्हने, जाऊबाई, मी बी पाह्यलं होतं, खिडकीतून, जनावरं बी अन् तुमाले बी. लिहिलं असतं त डॉक्टरबाई म्हनल्या असत्या, शांताबाईच्या नजरेले सापडलं. उठता बसता तुमचंच नाव, मंग मी शिकून काय उपेग? मी म्हटलं, मंग फडकं काऊन नाही बांधलं व माय? म्हने, बांधलं असतं त इचारलं असतं ना, काऊन बांधलं. मी रडली, ती खोकलली.

आता दोघी एकाच चुलीवर आहो. फोडनी तिले सोसत नाही, मी देते, ती अंगनात बसते. देव तिले औक्ष देवो, माह्या वाटचं बी देवो. पन गावात अजून लोकं तिलेच लॅबवाली म्हनतात, अन् खोटं काऊन बोलू, मले लागते.