वळणावरचं दुकान विकणे आहे

—नाही हो, तडा नाही तो, नक्षी आहे. सगळ्यांना तसंच वाटतं. आणा इकडे, नखाने वाजवून दाखवतो — ऐकलंत? कसा लांबपर्यंत घुमला. तडा असता तर ठक् करून गप्प बसला असता. माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच, कप वाजवणे. शाळेत मास्तर मला वाजवायचे, दुकानात मी कप वाजवतो. असो, ठेवा तो, आपलं दुकानाचं बोलणं राहिलं. तर हे असं आहे. असा कोपरा तुम्हाला या गावात दुसरा मिळायचा नाही, दलालाने सांगितलं असेलच, पण त्याने नुसती लांबी-रुंदी सांगितली असेल, मर्म मी सांगतो. समोर बघा — रस्ता वळतो तो असा वळतो की गाडीवरच्या माणसाचं तोंड आपोआप आपल्या दाराकडे होतं. त्याला बघायचं नसलं तरी बघावं लागतं. दुसरे दुकानदार पाट्या रंगवतात, पत्रकं वाटतात — आपली जाहिरात हा रस्ताच फुकटात करतो. त्यात तुमचा धंदा दिव्यांचा. झुंबरं, टांगते दिवे — शोभून दिसेल सगळं. वर राहायला दोन खोल्या, पाणी भरपूर, मागे माल उतरवायला वेगळं दार. आणखी काय हवं?

तो आवाज होय — काही नाही, ट्रक गेला. फडताळातला माल जरा बोलतो. सवय होते. मी पाठमोरा बसून सांगतो काय गेलं ते — ग्लास किणकिणले की ट्रक, बशा नुसत्या कुजबुजल्या की बस, आणि काहीच वाजलं नाही तर मोटरसायकल. मोटरसायकलचं कळत नाही. तेच वाईट... म्हणजे, तुमच्या दिव्यांना काही होणार नाही, टांगलेली वस्तू हलते, फुटत नाही. पाणी घ्या ना. संकोच करू नका, ग्लास घरचेच आहेत.

हा कागद? काचेला लावलाय तो? उन्हासाठी. ऊन येतं दुपारचं, मालाचा रंग उडतो — तुम्ही हसताय. बरोबर आहे, भट्टीतून निघालेल्या कपाचा रंग उन्हाने कसला उडतोय. धंद्यातल्या माणसापुढे थाप मारायची म्हणजे पंचाईतच. काढून टाकू कागद, त्यात काय, ओल्या फडक्याने निघेल. आणि भिंत? ती नवी आहे, हो. नजर चांगली आहे तुमची. दुरुस्ती केली. कशाची म्हणजे — टेम्पो आत आला होता. मी वर जेवत होतो, म्हणून आत्ता तुमच्याशी बोलतोय. त्याचा ड्रायव्हर उतरून मला विचारतो, नुकसान फार झालं का? फडताळंच्या फडताळं खाली, पायाखाली नुसता चुरा, आणि हा विचारतोय फार झालं का. म्हटलं, नाही, चमचे शाबूत आहेत. हसलो दोघेही. काय करणार?

लपवून काय उपयोग, तुम्ही शेजारच्या शिंप्याला विचाराल तर तो तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगतो. रस्ता वाईट होता ना, तेव्हा इथे काही व्हायचं नाही. खड्डे असे की गाडीवाला जीव मुठीत धरून जायचा, आणि जीव मुठीत असला की सांडत नाही. लोक येता-जाता शिव्या द्यायचे. मग रस्ता केला — गुळगुळीत, मधे दुभाजक, कडेला पांढऱ्या रेघा. पहिल्या दिवशी गाव फिरायला आलं हो रस्त्यावर, म्हातारी माणसंसुद्धा. आता शिव्या थांबल्या. शिव्या देणारेच कमी झाले, असं शिंपी म्हणतो. त्याची जीभ तशीच आहे.

लोकांना वाटतं अपघात म्हणजे रात्र, दारू, परका ड्रायव्हर. मीही तसंच समजायचो. नाही. भर दुपार, कोरडा रस्ता, आणि आपल्याच गावचा माणूस, घर हाकेच्या अंतरावर. घर आलं की हेल्मेट काढून हँडलला अडकवतात — आलोच की आता, म्हणतात. त्यातून दुभाजकामुळे वळायचं तर पार त्या टोकाच्या चौकापर्यंत जायचं. कोण जातं? सगळे उलटे येतात, कडेकडेने. पण आमच्या गावच्या लोकांची रीत बघा — उलटं येताना दिवा लावतात. भर उन्हात. मी एकदा औषधवाल्याला विचारलं, अहो तुम्ही शिकलेले, उलट्या बाजूने येता? तर म्हणतो, दिवा लावलाय ना. जसं काही दिवा लावला की चूक माफ. गावातल्या गावात चालतं ते, दिवा दिसला की समोरचा सरकून घेतो, हात करतो, मान हलवतो, सगळं कसं घरच्यासारखं. पण मालाचा ट्रक लांबून येतो, त्याला आमची रीत कोण सांगणार? औषधवाला दिवा लावूनच गेला. गाडी उचलली तेव्हासुद्धा दिवा जळत होता. आणि महिनाही झाला नसेल, त्याचा भाऊ त्याच बाजूने उलटा येताना दिसला. दिवा लावून. मी आडवा गेलो, म्हटलं, अहो, काय हे? म्हणतो, काका, दुकान उघडायला उशीर होतो.

सरकारने केलं ना. असं कसं म्हणता. माणसं आली, फीत धरून मोजलं, फोटो काढले, माझ्याकडे पाणी प्यायले. सभ्य माणसं होती. मग पाटी लावली — सावकाश जा, अपघाताची जागा. अक्षरं इतकी बारीक की एक स्कूटरवाला काय लिहिलंय ते वाचायला मान वळवून — असो. पाटी वाकली ती अजून वाकलेलीच आहे. मग गतिरोधक घातला. तो आम्हीच काढायला लावला, म्हणजे कोपऱ्यावरच्या सगळ्यांनी. रिकामा ट्रक त्यावरून उडाला की माझ्या वरच्या ओळीतले कप खाली, शिंप्याची सुई मशीनमध्ये मोडायची, वरची माणसं झोपेतून उठून बसायची. गतिरोधक गेला तेव्हा पेढे — नाही, पेढे कसले, चहा पाजला कोणीतरी. तुम्ही असता तर तुम्हीही सही केली असती. झुंबरं आहेत तुमची.

तुम्हाला असं वाटेल, हा म्हातारा दुकान विकतोय का खपवतोय. विकतोय. मला जायचंय. माझं सोडा, मी दगड आहे, आमच्या हिला न्यायचंय. लेक आहे आमची, ती राहते तिथे घरापुढे रस्ताच नाही, पायवाट आहे, सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. जावई चांगला आहे, स्वतः म्हणाला, आईंना आणा. ही आता दुकानात उतरत नाही. आधी हीच गल्ला सांभाळायची, माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक हिच्या बोलण्याला भुलायचं. आवाज झाला की पहिली ही धावायची, हातात तांब्या. मला पायऱ्या उतरायला वेळ लागायचा, तोवर हिने डोकं मांडीवर घेतलेलं. आणि बोलत राहायची. कोणीतरी सांगितलं होतं तिला, माणसाला जागं ठेवायचं तर बोलतं ठेवावं. मग विचारायची — कुठे निघाला होतात? काय सांगतात माणसं तेव्हा, ठाऊक आहे? मोठं काही नाही सांगत हो. एक म्हणाला, बटणं आणायची होती. एक मुलगी म्हणाली, मैत्रिणीकडे वही विसरली. एक जण तर म्हणाला, कुठे नाही, घरात गरम होत होतं. आता जेवताना मधेच घास थांबवते आणि म्हणते, अहो, त्याची बटणं राहिली. कोणाची, विचारायचं नाही. मी म्हणतो, हो, राहिली. वाढ आमटी.

कागदाचं ना? तेच सांगतोय. काचेआड मी ग्लासांचा मनोरा रचायचो. खोटं नाही सांगत, लोक मुद्दाम बघायला यायचे. खालून दिवा सोडला की पेटल्यासारखा दिसायचा. वळणावरून डोळ्यात भरायचा. मघाशी म्हटलं ना, गाडीवरच्या माणसाचं तोंड आपल्याकडे होतं. तर शिंप्याची वहिनी, पायी होती, पलीकडून येत होती. हिने नेहमीप्रमाणे विचारलं, कुठे निघाला होतात? ती म्हणाली, कुठे नाही हो, तुमचे ग्लास बघत होते, किती छान दिसतात. एवढंच. त्याच दिवशी हिने मनोरा उतरवला, एकेक ग्लास, एकही न फोडता, आणि खळ करून कागद लावला. मी म्हटलं, अगं, दुकान आहे, दाखवल्याशिवाय चालतं का? ती कागदाच्या कडा दाबून बसवत राहिली. चूक ना माझी ना तिची, कापडवाला कापड दाखवतो, सोनार सोनं दाखवतो, आम्ही काय दाखवायचं नाही? तेव्हापासून गिऱ्हाईक आपलं ओळखीचं, जुनं. चालतंय. म्हणजे नाही चालत. तुम्हाला कळलंच असेल.

काय म्हणालात? दिवे — दिवसासुद्धा लावून ठेवणार? सगळेच? हो, बरोबर, बंद दिवा कोण विकत घेतो. कागद काढून मोठी काच, वरपासून खालपर्यंत. आणि बाहेर एक मोठं झुंबर, फिरतं. हं. मीही तुमच्या जागी तेच केलं असतं. नाही, नाही, उत्तम आहे, धंद्याची जाण आहे तुम्हाला. गल्ल्यावर कोण बसणार? — मंडळी बसणार. वा.

त्याच का त्या, पलीकडे, पांढऱ्या गाडीतून उतरल्या त्या? छत्री आहे हातात? हात करू नका. अहो, हात खाली घ्या आधी. तुम्ही हात केलात की त्या तुमच्याकडे बघणार, रस्त्याकडे नाही — इथे माणूस बोलावल्याने येतो आणि बोलावल्यानेच... उभे राहा नुसते. तोंड फिरवा, फडताळाकडे बघा. मी बघतो. थांबल्यात. इकडे बघतायत. तुम्ही बघू नका. बसल्या. दार लावलं. बरं झालं. बसा तुम्ही पण, तुमचा चेहरा का उतरला, काही झालं नाही.

हे बघा. मी बराच वेळ विचार करतोय, तुमच्या आधीही दोघे-तिघे येऊन गेले. एकाला औषधाचं दुकान टाकायचं होतं — म्हटलं, पलीकडची सगळी आजारी माणसं धावत रस्ता ओलांडणार. एकाला गोदाम हवं होतं, तर त्याचे ट्रक वळणावरच उभे राहणार. घड्याळवाला आला, मला वाटलं, हा बरा, वाकून बसतो, काही दाखवत नाही — तर म्हणे दारावर मोठं घड्याळ लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ दिसावी. ज्याला काहीच दाखवायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही, असा दुकानदार मी कुठून आणू? तो दुकान कशाला घेईल? मी आहे तसा एकटाच, आणि मला जायचंय. वाटलं होतं, तुम्ही बाहेरचे, लांबून आलात, डोळे मिटून हो म्हणून टाकावं. जमलं असतं. दलालाला वाटलंही, जमलं. पण ही वर बसून पुन्हा तो आवाज ऐकेल, ही काळजी नाही — ही नसेलच इथे. ही पायवाटेवर असेल. आणि तुमच्या मंडळी तांब्या घेऊन... त्या धावतील का हो? तशा आहेत? उतरल्या तशा लगेच, तुम्ही उशीर केलात म्हणून बघायला. धावतील.

द्यायचं नाही मला. नाही, भाव वाढवून मागत नाहीये, तसं समजू नका. वाढवलात तरी नाही. दलालाला सांगा, म्हातारा लहरी आहे, शब्द फिरवला. काय वाटेल ते सांगा. गावाच्या आत बघा एखादं, गल्लीत, थोडं अंधारं असलं तरी चालेल, तुमचे तर दिवेच आहेत. जाताना वळणावरून ओलांडू नका, चालत त्या टोकाच्या चौकापर्यंत जा आणि तिकडून ओलांडा. लांब पडतं, माहीत आहे. जा तरीपण.

आणि हे घ्या. सहा कप, सहा बशा, कागदात नीट बांधलंय. नाही, घ्याच, मोल विचारू नका. हिने आज वरची खिडकी उघडलीय, कित्येक महिन्यांनी. सकाळपासून बॅगा भरून बसलीय, तुम्ही येणार हे मी सांगून ठेवलं होतं. चप्पलसुद्धा घालून बसलीय. ती बघणार बाहेर कोण पडतंय ते. हातात पुडकं दिसलं की म्हणेल, गिऱ्हाईक होतं. मी सांगेन, हो, गिऱ्हाईकच, तो माणूस काही आला नाही, उद्या-परवा येईल. असं वर धरा जरा, छातीशी. हं. आता निघा.